दोन गायींचा रस्ता

लाव्रास मिखिलने पाणंदीच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं, त्याच आठवड्यात गोबनित थोमाश अमेरिकेहून परत आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं लाव्रास शेवटपर्यंत सांगत राहिला. आमच्या गोर्तरुअ गावात त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि तसं त्याच्या तोंडावर कुणी बोललंही नाही.

आमच्या भागात माणूस बापाच्या नावावरून ओळखला जातो, कारण अर्ध्या गावाचं आडनाव एकच. गोबनित ही थोमाशची मुलगी. बरीच वर्षं ती स्प्रिंगफील्डच्या एका इस्पितळात नर्स होती. आता तिला जवळच्या डिंगलच्या इस्पितळात नोकरी मिळाली होती आणि पाणंदीच्या वरच्या टोकाला, जिथे बापाच्या घराच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या, तिथे ती नवं घर बांधणार होती. घाई होती ती आईसाठी. थोमाश गेल्यावर म्हातारी नोरा मुलाकडे ट्राली शहरात राहायला गेली होती. तिथे तिला कशाची वाण नव्हती. पण सून आणि नातवंडं इंग्रजी बोलायची, म्हातारीचं आयरिश त्यांना कळायचं नाही, आणि बोलकी बाई दिवसदिवस खिडकीत गप्प बसून असायची. पुढच्या हिवाळ्याच्या आत तुला घरी नेते, असं गोबनितने तिला कबूल केलं होतं.

अडचण एकच होती. पाणंद लाव्रासच्या दोन शेतांच्या मधून वर जाते. काउंटी कौन्सिलचा इंजिनिअर पाहणीला आला. फुशियाच्या झुडपांतून वाट काढत थोडा वर गेला, कोटाची बाही फाडून घेऊन खाली आला आणि म्हणाला, ही पायवाट आहे. गाडीरस्ता नसेल तर घराला परवानगी नाही. मात्र ज्याच्या जमिनीतून पाणंद जाते त्याने, हा पूर्वापार रस्ता आहे, असं लिहून दिलं तर प्रश्न मिटेल. लाव्रास म्हणाला, पायवाट आहे ती पायवाटच आहे. फाटकाला मी कुलूप लावलेलं नाही. चालत या, चालत जा.

वकिलाने गोबनितला सांगितलं की कोर्टात ती बहुधा जिंकेल. किती वर्षांनी, ते तो सांगू शकला नाही.

मी त्या वेळी कॉर्कच्या एका दैनिकाचा डिंगल भागातला वार्ताहर होतो. शेजाऱ्यांच्या भांडणांच्या बातम्या आम्ही देत नसू. त्या दिल्या असत्या तर पेपरात दुसऱ्या कशाला जागाच उरली नसती. पण हे भांडण एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर एलीशच्या पबमध्ये एका शब्दापाशी येऊन थांबलं आणि तेव्हापासून मी त्यात अडकलो.

तो शब्द काढला डॉनखा मास्तरांनी. मास्तर ऐंशीला टेकले होते. पबमधल्या निम्म्या माणसांना त्यांनी अक्षर शिकवलेलं होतं आणि उरलेल्यांच्या मुलांना. त्यांनी मला विचारलं, बातमी दिलीस तर त्या पाणंदीला काय म्हणशील? मी म्हणालो, पाणंद. "आपल्या भाषेत?" मी म्हणालो, बोहरीन. सगळेच म्हणतात, डोंगराचं बोहरीन.

"बरं. बोहरीन म्हणजे?"

लहान बोहर. आणि बोहर म्हणजे रस्ता. एवढं सांगून मी थांबलो, कारण मास्तरांना पुढचं स्वतः सांगायचं होतं हे दिसत होतं.

'बो' म्हणजे गाय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रस्ता म्हणताना कुणाच्या मनात गाय येत नाही. मास्तरांचं म्हणणं असं की हा शब्द आधी गायवाटेचा होता. गायी जिथून डोंगरावर चरायला जात ती वाट. माणसं, गाड्या, मोटारी त्यावर मागून आल्या. आणि हा 'बो'देखील इथे उगवलेला नाही, फार लांबून चालत आलेला आहे. रोममध्ये त्याला बोस म्हणत, ग्रीसमध्ये बूस, हिंदुस्थानात गो. मूळ आवाज जिभेच्या मागच्या टोकाने, ओठ गोल करून काढत असावेत. पूर्वेकडच्यांनी त्यातला मागचा 'ग' ठेवला, आपल्याकडच्यांनी ओठांवरचा 'ब'. मास्तरांनी दोन्ही आवाज काढून दाखवले. मग पबमधल्या सात-आठ माणसांनी आपापल्या ग्लासाकडे बघत ते हळूच काढून पाहिले.

"आणि बोहरमधलं ते शेवटचं 'हर'?" मी विचारलं.

"तिथे पंडितांचं जमत नाही. काही म्हणतात, त्यात 'जाणं' आहे. शब्दाचं डोकं गायीचं आहे यावर मात्र वाद नाही. वाद आहे तो शेपटीवर."

एलीश काउंटर पुसत होती. ती म्हणाली, "म्हणजे मास्तर, इतकी बुकं वाचून गायीला शेपूट आहे की नाही ते अजून ठरायचंच आहे म्हणा."

मास्तर रागावले नाहीत. उलट त्यांना हुरूप आला. मुलाला आपण बुअखिल म्हणतो, त्यातही तीच गाय आहे, बुअखिल म्हणजे मुळात गुराखी, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे लग्न न झालेला माणूस सत्तरीचा झाला तरी बुअखिलच राहतो. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा काउंटरच्या टोकाला बसलेल्या लाव्रासकडे वळल्या. तो बासष्ट वर्षांचा होता, एकटा राहायचा आणि गावातली सगळ्यात देखणी गुरं त्याची होती.

"आमच्या लाव्रासला सगळीकडून लागू पडतं," एलीश म्हणाली.

लाव्रास आपल्या ग्लासातून पीत राहिला. मास्तरांनी मग खरा मुद्दा काढला. हजारेक वर्षांपूर्वी कुणा विद्वान पाद्र्याने रस्त्यांची प्रतवारी लावून ठेवलेली होती. रथांचा रस्ता कोणता, सरदारांचा कोणता, असं करत करत तो बोहरपाशी येतो. बोहर कशाला म्हणावं? ज्यात दोन गायी मावतात, एक वाटेच्या दिशेने तोंड करून आणि दुसरी तिच्या शेजारी आडवी. वर त्यांची वासरंही मावली पाहिजेत. मास्तर म्हणाले, कौन्सिलच्या टेपपेक्षा हे माप जुनं आहे आणि समजायला सोपं आहे.

तेव्हा लाव्रासने ग्लास खाली ठेवला.

"मग मोजूया की, मास्तर. त्या पाद्र्याच्या दोन गायी माझ्या पाणंदीत मावल्या, तर फाटक मी माझ्या हाताने काढीन आणि कौन्सिलला लिहून देईन. नाही मावल्या, तर थोमाशच्या मुलीने कोर्टाचं नाव काढायचं नाही."

गोबनित दाराजवळच्या टेबलाशी चहा घेत बसली होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने विचार करायला फारसा वेळ घेतला नाही.

"गायी कुणाच्या?" तिने विचारलं.

"माझ्याच. तुझ्याकडे कुठे आहेत?"

लोक हसले. तीही हसली आणि म्हणाली, ठीक आहे, तुमच्या गायी. एलीशने दोघांना काउंटरवरून हात मिळवायला लावले.

दुसऱ्या दिवशी मी वकिलाला फोन करून विचारलं, याला कायद्यात काही अर्थ आहे का. तो बराच वेळ हसत होता. कायद्यात अर्थ नव्हताच. पण एलीशच्या काउंटरवर चार माणसांसमोर दिलेला शब्द गोर्तरुअमध्ये कुणी फिरवल्याचं मला तरी आठवत नाही. फिरवला तर मग पुढे जळणासाठी दलदलीतली टर्फ कापायला, गवत आत घ्यायला, शवपेटीला खांदा द्यायला कुणी येत नाही.

आठवडाभर संध्याकाळी शेजारी येऊन झुडपं तोडत होते. लाव्रासही कोयता घेऊन आला. आपल्याच विरुद्ध काम करतोयस, असं कुणीतरी त्याला म्हणालं तेव्हा तो म्हणाला, मोजायचं तर नीट मोजू. फुशिया आणि नेचे निघाले तसे दोन्ही बाजूंचे दगडी गडगे उघडे पडले. शेवाळलेले, जुने, एकदम सरळ. पाणंद वाटली होती त्यापेक्षा रुंद निघाली. मास्तर रोज काठी टेकत येऊन बघून जात आणि रोज थोडे अधिक खुशीत परतत.

शनिवारी सकाळी लाव्रासने आपल्या दोन शारोले गायी आणल्या. पांढऱ्या, थोराड, एखाद्या कपाटाएवढ्या. या जातीच्या फ्रेंच गायी पश्चिम केरीत पहिल्यांदा त्यानेच आणल्या होत्या आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता गावातल्या बहुतेक गोठ्यांत तीच जात किंवा तिची पैदास होती. पहिली गाय त्याने पाणंदीत आडवी वळवली. खरं तर ती पुरती वळलीच नाही. तोंड एका गडग्याला टेकलं आणि मागचा भाग दुसऱ्या गडग्यावर घासला. दुसरी गाय शेजारी उभी करायला जागा म्हणून उरली नाही. आडव्या गायीला हा प्रकार आवडला नाही. तिने आपलं मत मास्तरांच्या बुटांवर व्यक्त केलं.

लाव्रास हसला नाही. "बघा," एवढंच म्हणाला.

गोबनितने पुढे होऊन त्याच्याशी हात मिळवला. मास्तर गडग्यावर बसून बूट गवताला पुसत राहिले. जुना पाद्री चुकला असेल तर कुठे चुकला, हे त्यांना समजत नव्हतं. इतर बाबतींत तो इतका काटेकोर होता, असं ते दोनदा म्हणाले.

मी त्या संध्याकाळी ऐंशी शब्द पाठवले. सोमवारी ते आतल्या पानावर, खतांच्या जाहिरातीशेजारी आले. वर मथळा होता, "गायीने रस्ता नाकारला".

त्याच सोमवारी गोबनित लाव्रासच्या घरी निघाली होती. वर जायला रस्ता नसेल तर बापाच्या घराभोवतीचं ते शेत ठेवून तिला उपयोग नव्हता. ते विकायचं तर पहिला हक्क शेजाऱ्याचा, ही इथली रीत. शनिवारच्या बातमीत मी लाव्रासचं म्हणणं घेतलं नव्हतं, आणि दुसरी बाजू नसलेली बातमी मला बोचत राहते. म्हणून मीही तिच्याबरोबर गेलो.

लाव्रासने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. सोडा घालून भाजलेला पाव कापला, लोणी ठेवलं, चहा ओतला. शेताचा विषय गोबनितने काढला तेव्हा त्याने मान हलवली, पण होय म्हटलं नाही. मी विचारलं, रस्त्याला तुमचा विरोध का आहे, ते लोकांना कळू द्या. त्याने खिडकीतून खाडीपलीकडे बोट दाखवलं. तिथे डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस नवी घरं होती. जुलैत दिवे लागतात, ऑगस्टच्या अखेरीला विझतात, असं तो म्हणाला. तिथेही आधी एकच घर झालं होतं. एका डेंटिस्टने बांधलं होतं आणि कायम राहायला येतो म्हणाला होता. मग रस्ता डांबरी झाला, आणि आता नाताळात तिथे आजारी पडलात तर हाक ऐकायला कुणी नाही.

गोबनित म्हणाली, तिची आई बारा महिने इथे राहणार आहे.

"म्हणतात सगळे तसंच," लाव्रास म्हणाला. बोलण्यात त्रागा नव्हता. डेंटिस्टही चांगला माणूस होता, असं तो पुढे म्हणाला.

बोलणं तिथेच संपलं. गोबनितने चहाचा घोट घेतला आणि थांबली. पुन्हा एक घोट घेतला. मग दुधाचा जग उचलून आत बघितलं. दूध पिवळसर होतं, वर दाट साय धरलेली.

"हे दुकानातलं नाही," ती म्हणाली. "आणि शारोलेंचं तुम्ही काढत नाही. ते वासरंच पितात."

"किअरोगचं आहे," लाव्रास म्हणाला.

किअरोग म्हणजे काळा भुंगेरा. गायीचं नाव. तिचं नाव निघाल्यावर लाव्रास जितकं बोलला तितकं बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं. किअरोग जुन्या केरी जातीची होती, काळीभोर. शारोले विकायला, पण घरच्या चहाला हीच. तिच्या दुधाशिवाय त्याला चहा उतरत नसे. आईने मरताना त्याच्याकडून शब्द घेतला होता की हा वंश तोडायचा नाही. आईकडे तो तिच्या सासूकडून आला होता. बटाट्याचं पीक बुडालं त्या मोठ्या दुष्काळानंतर या घरात दुसरं काही उरलं नव्हतं तेव्हाही गोठ्यात एक काळी गाय होती. गावात आता दुसऱ्या कुणाकडे ही जात नाही, सगळ्यांनी टाकली, असं तो म्हणाला. आज गोठ्यात किअरोग होती, तिची एक गाभण लेक होती आणि तिचंच या वसंतातलं एक वासरू.

"माझी आजी हिच्या पणजीला काठी न लावता डोंगरावर न्यायची," तो म्हणाला. "नुसती पुढे चालायची. सगळ्या गायी मागून. मे महिन्यात वर, हॅलोवीनला खाली."

"कुठून न्यायची?" गोबनितने विचारलं.

मला वाटतं, तिने खरोखर कुतूहलानेच विचारलं होतं. स्प्रिंगफील्डला असताना तिला हे सगळं ऐकायला मिळालं नव्हतं. पण गोर्तरुअमधून डोंगरावर जायला वाट एकच आहे आणि ती आम्हा तिघांनाही माहीत होती. लाव्रासने चमचा घेतला आणि साखर न घातलेला चहा ढवळत बसला.

थोड्या वेळाने तो उठला आणि आम्ही त्याच्यामागून गोठ्याकडे गेलो. किअरोग दारातच उभी होती. मी केरी गायी आधी पाहिल्या नव्हत्या असं नाही, पण शनिवारच्या मोजमापाच्या नजरेने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. तिची पाठ माझ्या छातीच्या खालीच राहत होती. हाडं बारीक, अंग आटोपशीर, शिंगं पांढरी आणि टोकांना काळी. शारोलेच्या शेजारी उभी केली असती तर कालवड वाटली असती. गोबनितने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिच्या कुशीशी उभी राहून दोन्ही हात पसरले. एका हाताची बोटं गायीच्या कपाळापर्यंत पोचली. दुसरा हात शेपटीच्या मुळापलीकडे गेला.

"लाव्रास," मी विचारलं, "शारोले आणण्याआधी गावात कुठल्या गायी होत्या?"

"ह्याच की. दुसरं होतं काय?"

"आणि त्या पाद्र्याच्या वेळी?"

उत्तर आमच्या समोरच उभं होतं. बोहर हा शब्द इथे हजारो वर्षं राहिला, शारोले गायीला येऊन वीस वर्षंही झाली नव्हती. आम्ही सगळे शनिवारी दोन पांढऱ्या फ्रेंच गायींनी जुनं आयरिश माप मोजत होतो आणि कुणाच्याही डोक्यात आलं नाही. मास्तरांच्या नाही, माझ्या नाही. आमच्यासाठी गाय म्हणजे गोठ्यात होती ती.

गोबनित अजून गायीजवळच उभी होती. ती म्हणाली, "मी विचारलं होतं, गायी कुणाच्या. तुम्ही म्हणालात, माझ्या. ही पण तुमचीच आहे."

लाव्रासने किअरोगच्या कपाळावरचं गवताचं पातं काढलं. बराच वेळ तो त्या पात्याकडे बघत होता. शनिवारचा निकाल त्याच्या बाजूने लागलेला होता, हात मिळवून झालेला होता, पेपरात आलेलं होतं. नाही म्हणाला असता तर गावात कुणी त्याला दोष दिला नसता. पण मग ही गाय म्हणजे काय, गाय नव्हे का, असा प्रश्न उरला असता, आणि तो आईला दिलेल्या शब्दाचा होता.

"उद्या सकाळी," तो म्हणाला. "धार काढून झाली की. मास्तरांना बोलवा. बाकी कुणाला नको."

बाकी कुणाला नको म्हटल्यावर एलीश आलीच. मास्तर, एलीश, गोबनित, मी आणि लाव्रास. पाऊस नव्हता, पण ब्रँडन डोंगराचं टोक ढगात होतं. लाव्रास दोरी न लावता पुढे चालत आला आणि त्याच्यामागून किअरोग, तिची लेक आणि वासरू. फाटक त्याने सताड उघडलं.

किअरोगला आडवं वळवायला त्याला फक्त शिंगाला हात लावावा लागला. ती वळली आणि उभी राहिली. तोंड एका गडग्यापाशी. मग लेक तिच्या मागच्या बाजूला, वाटेच्या दिशेने. तिने थोडी कुरकुर केली, एक पाऊल मागे घेतलं, आणि आईच्या पार्श्वभागात नि दुसऱ्या गडग्यात जी जागा होती तिच्यात येऊन थांबली. दोघी होत्या, आणि दोघी पाणंदीतच होत्या.

मास्तरांनी टोपी काढली. "पुरे," ते म्हणाले. "लाव्रास, पुरे झालं."

"नाही झालं. तुम्ही वासरंही सांगितली होती. करायचं तर पूर्ण करू."

वासरू मागे रेंगाळलं होतं. लाव्रासने त्याला पुढे ढकललं तसं ते लेकीच्या मागच्या पायांशी जाऊन उभं राहिलं. तिने मान फिरवून बघितलं. मग अर्धी वळून, शिंग खाली घेऊन, तिने त्याला असा धक्का दिला की ते कोलमडत गडग्याला लागलं. उठलं आणि सरळ किअरोगच्या कुशीत घुसलं. तिथे पोटाला चिकटून उभं राहिलं आणि लगेच आचळ शोधू लागलं. लेक पुन्हा आपल्या जागी आली. आता तिघंही होती.

मास्तरांनी हातातली टोपी छातीशी धरली होती.

"त्याने तेच लिहिलंय," ते म्हणाले. "वासरं शेजारी हवीत, कारण मागे ठेवली तर मागून येणारी गाय त्यांना शिंग मारते. चाळीस वर्षं मी वर्गात हे म्हणून दाखवलं. मला वाटायचं, त्याने उगाच भर घातलीय. त्याने बघितलं होतं, लाव्रास. असाच कुठेतरी उभा राहून त्याने बघितलं होतं."

एलीश म्हणाली, "नाहीतर त्याच्या बुटांवर काहीतरी पडलं असणार." पण हळू म्हणाली.

लाव्रास लेकीच्या आणि गडग्याच्या मधे वाकला. तिच्या बरगड्या आणि दगड यांच्यात त्याने आपला पंजा उभा सरकवला. तो आत गेला आणि फिरला. मग तो किअरोगच्या तोंडाकडे गेला आणि तिथेही तेच केलं. आम्ही सगळे त्याच्या हाताकडे बघत होतो. गोबनित बघत नव्हती. ती पाणंदीच्या वरच्या टोकाकडे, पडक्या भिंतींकडे बघत होती.

"मावल्या," लाव्रास म्हणाला.

फाटक त्याने त्याच दुपारी बिजागऱ्यांवरून उचललं आणि गोठ्याच्या भिंतीला उभं करून ठेवलं. कौन्सिलला पत्र मास्तरांच्या घरी बसून लिहिलं. हा पूर्वापार रस्ता आहे, माझ्या आजीच्या आधीपासून गुरं इथून डोंगरावर जात आली आहेत, असं त्यात होतं. खाली एक ओळ त्याने स्वतःच्या अक्षरात घातली: हा गुरांचा रस्ता असल्यामुळे यावर गुरांनी आधी जायचं. गोबनितला त्याने ती वाचून दाखवली आणि विचारलं, मान्य आहे का. तिने मान्य केलं. मला वाटतं, ते मान्य करताना तिने सकाळच्या ड्यूटीचा विचार केला नव्हता.

दुसरी बातमी मी दोनशे शब्दांची पाठवली. कॉर्कला संपादकांच्या टेबलावर तिच्या चार ओळी झाल्या. रस्ता ओळखण्याबाबत गोर्तरुअ येथील वाद शेजाऱ्यांच्या समजुतीने मिटला, एवढंच छापून आलं. गायीचा उल्लेख कापलेला होता. तिथल्या उपसंपादकाला वाटलं असावं की गायीची बातमी आपण एकदा दिली आहे.

घर पुढच्या वर्षी ऑक्टोबरात उभं राहिलं आणि नोरा हॅलोवीनच्या आधी त्यात राहायला आली. त्यानंतर एकदा सकाळी मी तिच्याकडे काही जुनी गावनावं विचारायला गेलो होतो आणि परतताना गोबनितच्या गाडीत बसून खाली येत होतो. नोराला डिंगलला डोळे दाखवायचे होते, ती पुढे बसली होती. पाणंदीच्या मध्यावर आम्ही थांबलो. पुढे लाव्रास गायी घेऊन खाली चालला होता. घाई त्याला नव्हतीच. गोबनितने घड्याळ बघितलं, हॉर्नवर हात ठेवला नाही, आणि इंजिन बंद केलं. गाडी उतारावर नुसती ब्रेक सोडत सोडत सरकत राहिली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. इस्पितळात आता सगळ्यांना माहीत आहे. मी उशिरा आले की विचारतात, किअरोगची तब्येत कशी आहे."

नोराने खिडकीची काच खाली केली आणि लाव्रासला हाक मारून विचारलं की सगळ्यात मागची काळी कुणाची लेक. त्याने मागे न बघता सांगितलं. तिने त्या गायीच्या आजीचं नाव सांगून ताडून पाहिलं. ते जुळलं. मग दोघं तशीच बोलत राहिली, तो पुढे चालत आणि ती गाडीतून, आणि मधे गायी. या वर्षीचं वासरूही त्यांच्यात होतं. ते किअरोगच्या कुशीला चिकटून चाललं होतं. मागे फक्त आम्ही होतो.